गळ्याचे टाके

कमलकाकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पाठीकडून. मेहकरला देवळाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं, म्हणून मी एका दुपारी जाऊन कडी वाजवली. दार उघडलं तर एक ठेंगणी बाई दोन्ही हातांत लोकर घेऊन उभी. नाव विचारणं नाही, गाव विचारणं नाही. "वळ बरं तिकडं," म्हणाल्या. मी वळले. का वळले ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या पाठीवर वीत टाकली, आधी खांद्यापासून खांद्यापर्यंत, मग मानेपासून कमरेपर्यंत, आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "हाव. वर्षासारखीच हाये." मग मला परत वळवून म्हणाल्या, "खोली वर हाये. नळ सकाळी येते. राह्यशीन ना?"

मी राहिले. वर्षा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, हे चहा पिता पिता कळलं. ती तिकडे वर, हिमाचलात, डोंगरातून बोगदा खणणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होती. आणि माझी पाठ तिच्या मापाची निघाल्यामुळे मला ती खोली मिळाली होती.

माझं गाव वडनेर भोलजी. मेहकरला मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले होते. दिवसभर लोकांच्या बाह्या वर करून शीर शोधायची, हेच काम. त्यामुळे मला माणसांचे चेहरे फारसे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. काकूंना पाठी लक्षात राहत. बाजारात आम्ही बरोबर गेलो की मी म्हणायची, "हा कारलेवाला, याची शीर सापडता सापडत नाही," आणि काकू म्हणायच्या, "याचा डावा खांदा उतरेल हाये, बाही लांब करा लागते." अशा दोघी भाजी घेत फिरायचो. काकू मला नावाने कधीच हाक मारत नसत. 'रक्तवाली' म्हणत. मीही पुढे पुढे ओ द्यायला लागले.

मेहकरसारख्या गावात बारा महिने स्वेटर विणणारी बाई म्हणजे जरा थट्टेचाच विषय. आमच्याकडची थंडी ती केवढी. हरभऱ्याला घाटे धरेपर्यंत राहते आणि कुणाला न सांगता निघून जाते. कापसाच्या मुलखात लोकरीला कोण विचारतं? पण काकूंच्या घरात चैत्र-वैशाखातसुद्धा कूलरसमोर लोकरीच्या लड्या टांगलेल्या असत. समोरच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं विणकामाचं मशीन होतं. लांबलचक लोखंडी पट्टा, त्यावर आकड्याच्या सुयांची रांग, आणि त्या रांगेवरून इकडून तिकडे ढकलायची एक मूठ. त्या मुठीला काकू 'गाडी' म्हणत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी नेली की ती एक 'खेप'. खेप अर्ध्यात सोडायची नाही असा त्यांचा नेम होता. दूध उतू जावो नाहीतर दारात कुणी येऊन उभं राहो, गाडी टोकाला लागल्याशिवाय काकू उठत नसत.

सुट्टीच्या दुपारी मी वर पडलेली असे आणि खालून तो आवाज येत राही. खर्र करून गाडी जायची, थांबायची, खर्र करून परत यायची. उन्हाची तिरीप फरशीवर सरकत असे, तीत लोकरीचे बारीक तंतू तरंगत वर येत, आणि माझे डोळे जड होत. अर्धवट झोपेत वाटे, खाली कुणीतरी खरंच गाडी चालवतं आहे, लांबच्या रस्त्याने, आणि आपण मागच्या हौद्यात गाठोड्यांवर आडव्या झालो आहोत. कुठे चाललो आहोत ते विचारावंसंही वाटत नसे. इतकी गाढ झोप मला नंतर कुठल्याच घरात लागली नाही.

खेप, गाडी हे शब्द त्यांच्याकडे आले ते दादारावांमुळे. दादाराव म्हणजे काकूंचे यजमान. ते ट्रकवर ड्रायव्हर होते. इकडून कापसाच्या गाठी घेऊन पंजाबात जायचे आणि येताना लोकर आणायचे. पहिल्यांदा आणली ती बायकोला हौस म्हणून. मग एका खेपेला हे मशीनच कुणाकडून तरी जुनं मिळालं, ते ताडपत्रीत गुंडाळून घेऊन आले. "लोकाइचे नवरे साड्या आनत," काकू सांगायच्या, "आमच्या मान्सानं लोखंड आनलं. मी दोन दिस बोलली नाई त्याच्यासंग." दादाराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा फोटो मशीनच्या वरच होता, आणि त्याला हार नव्हता, लोकरीची एक लडी होती.

काकूंचं काम मशीनवर सुरू होई, पण मशीनवर संपत नसे. पाठ, पोट, बाह्या मशीनवर. गळा मात्र हातानेच, सुयांवर. कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मशीन म्हंजे हमरस्ता. पाठ हमरस्त्यानं होऊन जाते. गळ्याले पायवाटच लागते."

आणि या गळ्यापाशीच काकूंची खरी गंमत होती. गळ्याची पट्टी विणून झाली, आता फक्त टाके बंद करायचे राहिले, की काकू थांबत. सुईच्या दोन्ही टोकांना रबर लावत, म्हणजे टाके निसटू नयेत, आणि स्वेटर पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवत. ज्याचा स्वेटर, त्याने घरी यायचं, काकूंच्या पलंगावर बसायचं, चहा प्यायचा आणि शेवटचे टाके आपल्या हाताने बंद करायचे. दुसऱ्या कुणाच्या हाताने चालत नसे. काकू स्वेटर विकत नसत, ज्याची पाठ मनात भरली त्याला देत. त्यामुळे त्यांची अट मोडायची कुणाची छाती नव्हती. डेपोतले कंडक्टर, वाणी, पेपर टाकणारे असे कितीतरी बाप्ये मी त्या पलंगावर जीभ बाहेर काढून टाके मोजताना पाहिले आहेत.

शिकाऊ हाताचा दोष असा की तो टाके आवळून धरतो. आवळून बंद केलेला गळा ताणत नाही, आणि मग त्यातून डोकं जात नाही. आमच्या लॅबच्या शेजारी एक रिटायर झालेले हेडमास्तर राहायचे. त्यांनी मोठ्या शिस्तीत एकेक टाका ओढून ओढून गळा बंद केला, आणि घालायला गेले तो कपाळापाशी अडकला. ना वर, ना खाली. आतून आवाज येत होता, "अहो कमलबाई." काकूंनी त्यांना तसंच बसवलं, गळा उसवला, आणि परत सुई हातात दिली. "गुर्जी, जीव आवळून काऊन बसले? सैल सोडा हात. टाका कुठी पळून नाई जात." गुरुजी दुसऱ्या खेपेला सैल सुटले ते इतके की त्यांचा गळा पुढे खांद्यावरून घरंगळायचा. ते तसाच घालून ऐटीत फिरायचे. मेहकरात वाकड्या गळ्याचा स्वेटर दिसला की समजावं, हा कमलकाकूंचा.

मला मात्र त्यांनी स्वेटर केला नाही. एकदा मी तोंड उघडून विचारलंच. त्या म्हणाल्या, "तू तं घरातच हायेस. तुले कायले?" मला थोडा रागच आला. माझी पाठ मात्र हवी तेव्हा वापरायच्या. कारण खुंटीवर एक पिशवी कायम असे, त्यात करडईच्या फुलाच्या रंगाचा एक स्वेटर होता, आणि तो वर्षाचा होता. महिना-दोन महिन्यांनी काकू तो काढत, माझ्या पाठीला लावून बघत, आणि परत ठेवून देत. गळा उघडाच.

वर्षा फोनवर म्हणायची, "आई, पाठवून दे ना वो. इतं हाडं गोठून राह्यली मायी." काकू म्हणायच्या, "घरी ये आन बंद कर." ती म्हणायची सुट्टी नाही. काकू म्हणायच्या, मग स्वेटर नाही. मी वर राहायला आल्यापासून हेच ऐकत होते आणि मला काकूंचा हट्ट कळत नव्हता. मुलगी बर्फात उभी राहून काम करते आहे, तिचा स्वेटर तयार आहे, आणि आई तो खुंटीला टांगून बसली आहे. शेवटी एका संध्याकाळी मी जरा तडकूनच बोलले.

काकू रागावल्या नाहीत. लोकरीचा गुंडा गुंडाळत राहिल्या आणि सांगायला लागल्या. दादारावांचा स्वेटर त्या नेहमी असाच उघडा ठेवायच्या. तो खेपेहून यायचा, अंघोळ करून पलंगावर बसायचा, आणि गळा बंद करायचा. तोवर दुसरा सुरू झालेला असायचा. "त्याचं काहीतरी इथं उघडं पडेल हाये म्हनलं की मले झोप लागे. उघडं टाकून कुठी जाईन तो?" मग एका थंडीत तो घाईत निघाला. गाडी भरलेली होती, तिकडे धुकं होतं, अंगात घालायला धड काही नव्हतं. तो कपडे बदलेस्तोवर काकूंनी दोन मिनिटांत टाके बंद केले आणि स्वेटर त्याच्या हातात दिला. "मीच बंद केला," काकू म्हणाल्या. "तो आलाच नाई."

तेवढ्यात सलीमभाई दारात आले होते. ते पूर्वी दादारावांचे क्लीनर होते, आता स्वतः ड्रायव्हर. येता-जाता काकूंच्या घरी डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी हे कितव्यांदा ऐकलं असेल कुणास ठाऊक. पायऱ्यांवर चप्पल काढत ते म्हणाले, "भाभी, ब्रेक फेल झाला होता. त्याच्यात स्वेटरचा काय कसूर?"

"ब्रेकचं तुले समजते, सलीम," काकू म्हणाल्या. "स्वेटरचं मले समजते."

मी वर जाऊन पडले. त्या दिवसापासून ती खुंटीवरची पिशवी मला वेगळीच दिसायला लागली. खुळेपणा होता, नाही असं कसं म्हणू? पण काकूंचं सगळं जग त्या उघड्या टाक्यांवर उभं होतं. ते बंद झाले तर पोर परतणार नाही, आणि बंद केले नाहीत तर पोर तिकडे कुडकुडते. दोन्हीकडून जीव टांगणीला. मला त्यांची फार दया आली, आणि मी परत कधी तडकले नाही.

त्याच हिवाळ्यात वर्षाचा खोकला सुरू झाला. फोनवर दोन शब्द बोलली की खोकायची. काकू फोन माझ्या कानाला लावून माझ्याकडे बघत बसायच्या, मी रक्त तपासते म्हणजे मला खोकलाही कळत असणार, अशा समजुतीने. मी वर्षाला छातीचा फोटो काढून घ्यायला सांगितलं. तिने काढला. घाबरण्यासारखं नाही, पण थंडी लागू देऊ नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं.

त्या रात्रीच्या जेवणाला काकूंनी भाकरी मोडली तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले तर मशीनचा आवाज नव्हता. काकू पलंगावर बसल्या होत्या. करडईच्या फुलाच्या रंगाचा तो स्वेटर मांडीवर, सुईची रबरं काढलेली. एक टाका बंद केला होता. तो त्यांनी माझ्यासमोर उसवला. परत बंद केला, परत उसवला.

संध्याकाळी सलीमभाई आले. त्यांची गाडी गाठी भरून पंजाबात निघाली होती. काकूंनी स्वेटरचे उघडे टाके सुईवर सारखे केले, दोन्ही टोकांना रबरं लावली, बाजूला लोकरीचा छोटा गुंडा ठेवला आणि पिशवीची गाठ मारली.

"वरपर्यंत पोचवशीन ना?"

"मी चंदीगडपर्यंत जातो भाभी. तिथून वर जानारी गाडी पाहून देतो. आपले लोक हायेत."

"तिले सांग, तितंच बंद कर आन घाल." काकूंनी पिशवीची गाठ परत आवळली. "मायी वाट पाहू नोको म्हन. आन सैल बंद कर म्हन."

सलीमभाईंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. ते नेहमी जाताना काहीतरी चेष्टा करत, त्या दिवशी केली नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला, आणि काकू बराच वेळ त्याच बाजूला कान देऊन बसल्या.

स्वेटर पोचला. वर्षाचा फोन आला, "आई, लई गरम हाये वो." काकूंनी विचारलं, खोकला कसा आहे. जेवतेस का. बर्फ किती आहे. गळ्याचं मात्र विचारलं नाही. हिवाळा सरला, महाशिवरात्र गेली, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या झाल्या. काकूंनी एकदाही विचारलं नाही. मशीन चालू होतं. पण खेप पूर्वीसारखी एका लयीत जात नसे. मध्येच गाडीचा वेग मंदावे, आणि मला वर जाग येई.

मग मे महिना आला. अंगण भट्टीसारखं तापलेलं. मी रविवारची खाली बसून कूलरमध्ये पाणी ओतत होते. काकू मशीनवर. एवढ्यात गल्लीतून कुणीतरी चालत आलं आणि दारात उभं राहिलं. वैशाखाच्या उन्हात, अंगात पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर, करडईच्या फुलाच्या रंगाचा. घामाने चेहरा निथळत होता. मी वर्षाला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. गल्लीच्या कोपऱ्यावर बॅगेतून काढून तिने तो चढवला होता, हे तिने नंतर सांगितलं.

काकूंची गाडी खेपेच्या मधोमध होती. त्यांनी वर बघितलं. उठल्या नाहीत. हळूहळू गाडी पार टोकापर्यंत नेली, आणि मग उठल्या. वर्षाजवळ जाऊन त्यांनी आधी तिच्या गळ्याला हात लावला. बोट थबकलं. गळ्याच्या टाक्यांतून एक बारीक काळी तार ओवलेली होती, आणि पुढे तिची दोन्ही टोकं पिळून आत वळवली होती.

"हे काय लावलं व?"

"बाइंडिंगची तार हाये. सळया बांधतो ना आमी, ते."

"मानीले टोचली असंन ना."

"टोचली तं."

तिच्या मानेवर ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. लोकरीला तारेचा तांबूस गंज उतरला होता. काकू त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत होत्या.

"बंद काऊन नाई केला? मी सांगतलं होतं ना सलीमजोळ."

वर्षाने बाहीने कपाळ पुसलं. "तितं बंद केला असता तं इतं काऊन आली असती?" ती म्हणाली. "मले का मालूम नाई का, आई? लहानपनापासून मालूम हाये."

काकू रडल्या. मीही रडले, आणि कूलरमधून पाणी वाहून सगळ्या खोलीभर झालं तरी कुणी उठलं नाही. मग वर्षाने तो स्वेटर काढला, पलंगावर बसली, तार सोडवली, आणि टाके बंद केले. आवळून केले. डोकं जाईना. काकूंनी उसवले, आणि ती परत बसली.

पुढच्या वर्षी मला धामणगाव बढेला जास्त बरी नोकरी मिळाली. सामान बांधून खाली आले तर काकू म्हणाल्या, "वळ बरं तिकडं." मी वळले. त्यांनी सावकाश वीत टाकली. "आता तुले लागते," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी कळलं की आता मी या घरातली राहिले नाही. आनंद आणि वाईट वाटणं एकाच वेळी कसं होतं ते मला त्या दारात समजलं.

मी येते येते म्हणत राहिले. नव्या नोकरीत सुट्टी जुळेना. काकू फोनवर म्हणायच्या, "गळ्यापर्यंत आला तुया," आणि मी म्हणायची, याच थंडीत येते. गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी सलीमभाईंचा फोन आला. काल दुपारी मशीनवर बसल्या होत्या, म्हणाले. गाडी टोकाला लागलेली होती.

तेराव्याला मी गेले. अंगणात सगळीकडे वाकडे गळे दिसत होते. हेडमास्तर आपला घरंगळणारा गळा सावरत कोपऱ्यात बसले होते. जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा वर्षाने खुंटीवरची पिशवी काढली. आत निळ्या लोकरीचा स्वेटर होता. सुईवर टाके, टोकांना रबरं.

"हा कोनाचा हाये, मालूम नाई," ती म्हणाली. तिने एकदा स्वेटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "वळ बरं तिकडं."

मी वळले. तिची वीत खांद्यापासून खांद्यापर्यंत आली. तिचा हात आईच्या हातापेक्षा मोठा आणि खरखरीत होता.

"तुयाच हाये," ती म्हणाली. मी सुईसाठी हात पुढे केला. तिने स्वेटर परत पिशवीत घातला आणि पिशवी खुंटीला टांगली. "आज नाई. चावी सलीमभाईजोळ राह्यते. मी होळीले येतो. तूही ये. तवा बंद कर."

धामणगावच्या वाटेवर बसमध्ये खिडकीची काच वर चढत नव्हती. गळ्याशी गार वारा लागत होता. मी ओढणी गुंडाळली आणि कंडक्टरला विचारलं, होळी कधी आहे.

"अजून लई दूर हाये, बाई."

"असू द्या," मी म्हटलं.